टॅटूच्या सुईवर लक्ष कुणाचं?

शनिवारची संध्याकाळ. बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पाय ठेवायला जागा नसते. कॉलेजातली पोरं-पोरी, आयटी कंपन्यांतली जोडपी, म्हैसूर-मंड्याहून भटकायला आलेली टोळकी... या गर्दीतून एखादा अरुंद जिना वर जातो. वर काचेचं दार, आत गारेगार एसी, भिंतीवर वाघ-गरुड-गणपतीची चित्रं आणि आडव्या खुर्चीत दात-ओठ आवळून पडलेली विशीतली एखादी मुलगी. मनगटावर मशीन घरघरत असतं. शेजारी उभी असलेली मैत्रीण मोबाइलवर सगळं टिपत असते. तासाभरात फुलपाखरू तयार! आता घरी गेल्यावर आईची बोलणी खावी लागणार, एवढीच काय ती काळजी.

आईची काळजी मात्र वेगळ्याच ठिकाणी असायला हवी. फुलपाखरू शोभतं की नाही, नातेवाईक काय म्हणतील, लग्न ठरवताना कुणी नाक मुरडेल का, हे सगळे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा की, ती सुई आधी कुणाच्या अंगात गेली होती? त्या बाटलीतल्या रंगात नेमकं काय होतं? आणि हे पाहायला सरकारचा किंवा महापालिकेचा कुणी माणूस तो जिना कधी चढला होता का?

खोलीला परवाना, हाताला नाही

दुकानाच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला परवाना बऱ्याचदा दिसतो. तो पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पण हा परवाना कशाचा असतो? कर्नाटकात १९७६ च्या महानगरपालिका कायद्यानं ठरावीक धंद्यांना महापालिकेचा व्यवसाय परवाना, म्हणजे ट्रेड लायसन्स, सक्तीचं केलं. ते महापालिकेचा आरोग्य विभाग देतो, दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. जागा कुणाची, किती मोठी, शेजाऱ्यांना उपद्रव होतो का, कचरा कुठे जातो, असा या परवान्याचा सगळा रोख जागेवर असतो. खानावळ, पिठाची गिरणी, केशकर्तनालय यांच्यासाठी तो ठीकच. ज्या वर्षी हा कायदा झाला, त्या वर्षी ब्रिगेड रोडवर टॅटू स्टुडिओची पाटी लागेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

टॅटू म्हणजे काही केस कापणं नव्हे. मशीनची सुई मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा आत-बाहेर करते. वरच्या त्वचेखालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल, ती रंग नेऊन सोडते. त्या थरात रक्तवाहिन्या असतात. म्हणजे रक्ताशी संबंध आलाच. दवाखान्यात एका इंजेक्शनच्या सुईसाठी केवढे नियम, केवढी शिस्त! इथे हजारो टोचे मारणाऱ्या माणसाला जंतुसंसर्गाची अक्षरओळख तरी आहे का, हे विचारणारा रकाना जागेच्या परवान्यात कसा असणार?

बरं, महापालिकेवर सगळा राग काढूनही भागत नाही, कारण टॅटूच्या एका खोलीचे कायद्याने तीन तुकडे केले आहेत. जागा महापालिकेची. शाई हा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा विषय, म्हणजे १९४० चा केंद्राचा कायदा. आणि वापरलेली सुई? तिची तर गंमतच आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम रुग्णालयं, दवाखाने, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, जनावरांचे दवाखाने, शाळेतली प्रथमोपचाराची खोली या सगळ्यांची नावं घेतात. टॅटूच्या दुकानाचं नाव त्या यादीत नाही. शिवाय या नियमांच्या व्याख्येत येतो तो निदान, उपचार किंवा लसीकरण यांतून निघालेला कचरा. टॅटू यातलं काहीच नाही! त्यामुळे तीच रक्ताळलेली सुई दवाखान्यातून निघाली तर न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात बंद होऊन जाते, आणि टॅटूच्या दुकानातून निघाली तर कचऱ्याच्या साध्या काळ्या पिशवीतून जाऊ शकते. सकाळी ती पिशवी हाताने उचलणारा बंगळुरूचा पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार. या सगळ्या चर्चेत त्याच्या बोटांचा विचार फारसा कुणी करत नाही.

शहराचा कारभारही मध्यंतरी बदलला. मे २०२५ मध्ये ग्रेटर बंगळुरूचा नवा कायदा लागू झाला आणि सप्टेंबरमध्ये एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. नव्याने घडी बसवताना टॅटूच्या खोलीकडे पाहायची ही चांगली संधी होती, आहे.

बाटलीत बावीस धातू

२०२५ च्या सुरुवातीला या विषयाला अचानक तोंड फुटलं. कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी जाहीर केलं की, राज्यात टॅटूच्या शाईचे नमुने तपासले तेव्हा त्यांत २२ धातू आढळले. सेलेनियम, क्रोमियम, प्लॅटिनम, आर्सेनिक अशी नावं त्यात होती. या शाईला भारतीय मानक ब्युरोचं कुठलंही मानक नाही, तेव्हा ती नियमांच्या कक्षेत आणावी असं पत्र केंद्राला लिहिणार असल्याचंही त्यांनी सांगितलं. राज्याच्या मंत्र्याला पत्रच लिहावं लागतं, कारण शाईचं मानक ठरवणं त्याच्या हातात नाही.

आर्सेनिक म्हणजे आपल्या भाषेत सोमल. जुन्या रहस्यकथांत दुधातून दिला जाणारा! अर्थात नुसतं नाव ऐकून घाबरण्यात अर्थ नाही. प्रश्न असतो प्रमाणाचा. सौंदर्यप्रसाधनात वापरायच्या रंगात आर्सेनिक दहा लाख भागांत २ आणि शिसं २० भागांपेक्षा जास्त असू नये, असं आपला कायदा सांगतो. कुंकवाच्या पुडीला मानक आहे, लिपस्टिकला आहे. म्हणजे कपाळावर वरच्यावर लागणाऱ्या आणि रात्री धुऊन टाकायच्या रंगाला मोजमाप आहे, पण कातडीखाली जन्मभरासाठी जाणाऱ्या रंगाला नाही!

मजा म्हणजे आपल्या १९४० च्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात शरीरावर चोळण्या-शिंपडण्याबरोबरच शरीरात सोडल्या जाणाऱ्या वस्तूचाही उल्लेख आहे. तेव्हा टॅटूची शाई या व्याख्येत बसवायला शब्दांची अडचण नसावी. अडचण आहे ती मोजमाप ठरवण्याची आणि ते तपासण्याची.

युरोपीय संघाने हे काम जानेवारी २०२२ मध्ये केलं. टॅटूच्या शाईत वापरायच्या चार हजारांहून अधिक रसायनांवर बंदी किंवा मर्यादा आली. निळ्या आणि हिरव्या रंगाच्या दोन लोकप्रिय रंगद्रव्यांना वर्षभराची सवलत मिळाली, तीही जानेवारी २०२३ मध्ये संपली. कलाकारांनी खूप आरडाओरडा केला, आता आम्ही रंगवायचं कशाने म्हणून. पण युरोपात टॅटू काही बंद पडले नाहीत.

शाईतली दुसरी भानगड धातूंची नाही, पाण्याची आहे. सावलीच्या छटांसाठी काळी शाई पातळ करावी लागते. २०११-१२ मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात एका परगण्यातल्या १९ जणांच्या टॅटूवर पुरळ उठलं आणि हटेना. शोध घेतल्यावर कळलं की, आधीच पातळ करून बाटलीत भरलेल्या करड्या शाईतच जंतू होते. हे जंतू क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद, साध्या मलमाला दाद न देणारे. तिथे दुकान स्वच्छ होतं, सुया नव्या होत्या. दोष बाटलीचा होता. आता रस्त्याकडेला टॅटू काढणारा शाईत कुठलं पाणी घालत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आजीच्या हातावरची तुळस

हे सगळं वाचून घरातली वडीलधारी मंडळी हसतील. “आमच्या हातावर जत्रेत गोंदवलंय, काय झालं आम्हाला?” खरंच आहे. गोंदणकरणीने काजळात सुया बुडवून काढलेली तुळस, कपाळावरचा ठिपका, नवऱ्याच्या नावाचं अक्षर घेऊन आपल्या आज्या-पणज्या ऐंशी-ऐंशी वर्षं जगल्या. मेल्यावर सोबत येतो तो दागिना गोंदणाचाच, ही समजूत महाराष्ट्रात घरोघर होती. कर्नाटकातही गोंदणाला ‘हच्चे’ म्हणतात आणि कोरवा समाजाच्या बायका टोपली घेऊन गावोगाव गोंदवत हिंडायच्या. एडगर थर्स्टन या इंग्रज अभ्यासकाने १९०९ च्या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे.

पण ‘काही झालं नाही’ हे आपल्याला कसं कळलं? हिपॅटायटिस बी आणि सी हे यकृताचे आजार. ते वीस-वीस वर्षं गप्प बसतात. एखादी बाई चाळिशी-पन्नाशीत कावीळ होऊन, पोटात पाणी होऊन गेली, तर तिच्या लहानपणीच्या जत्रेतल्या सुईपर्यंत माग कुणी काढला? हिपॅटायटिस बीचा विषाणू तर मोठा चिवट. सुकलेल्या रक्ताच्या डागातही तो किमान सात दिवस तग धरतो. सुई पुसली, स्पिरिट लावलं, काम झालं, असं त्याच्या बाबतीत होत नाही.

कान टोचण्याचं मात्र जुन्या लोकांनी बरं जमवलं होतं. सोनारानेच कान टोचावेत असं आपण म्हणतो. सोनार ज्या तारेने टोचायचा, तीच तार वाकवून कानात ठेवायचा. म्हणजे एका बाळाची तार दुसऱ्याच्या कानात जायचा प्रश्नच नव्हता. निर्जंतुक करण्याचं शास्त्र त्याला ठाऊक नसेल, पण एकाला एक हा नियम आपोआप पाळला जायचा. आज ब्यूटी पार्लरमध्ये आणि मॉलमधल्या टपरीवर प्लॅस्टिकची बंदूक असते. खटका ओढला की खडा कानात. खडा नवा असतो, बंदूक तीच. बऱ्याच बंदुकांचं प्लॅस्टिक वाफेच्या निर्जंतुकीकरणात टिकत नाही, म्हणून ती नुसती पुसली जाते.

कानाच्या पाळीपर्यंत हे एक वेळ निभावतं. पण हल्ली मुली कानाच्या वरच्या कडेला, कूर्चेत, दोन-तीन टोचून घेतात. कूर्चेला रक्तपुरवठा कमी. तिथे बंदुकीच्या दणक्याने चेचलं गेलं आणि जंतू शिरले, की पू होतो, कूर्चा गळते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. पाळीची जखम सहा-आठ आठवड्यांत भरते. कूर्चेला सहा महिने ते वर्ष लागतं. नाक, भुवई, बेंबी यांच्यासाठी तर बंदूक वापरूच नये, पोकळ सुईनेच टोचायला हवं.

न्यूयॉर्कने काय केलं

सुईमुळे हादरलेलं बंगळुरू हे काही पहिलं शहर नव्हे. १९६१ साली न्यूयॉर्क शहरात हिपॅटायटिस बीची साथ आली आणि बोट टॅटूवाल्यांकडे वळलं. शहराच्या आरोग्य खात्याने टॅटूवर सरसकट बंदी घातली. ही बंदी किती काळ टिकावी? तब्बल ३६ वर्षं! या काळात टॅटू थांबले का? छे. ते घराच्या माजघरात आणि तळघरात गेले, रात्री आणि ओळखीने होऊ लागले. १९९७ मध्ये बंदी उठली, तेव्हा शहराने शहाणपणाची एक गोष्ट केली. परवाना खोलीला नाही, माणसाला दिला. टॅटू काढणाऱ्याने संसर्ग कसा टाळायचा याचा अभ्यासक्रम करायचा, परीक्षा द्यायची, मग परवाना.

ब्रिटनमध्ये १९८२ पासून गोंदवणारे आणि कान टोचणारे यांची नोंद स्थानिक नगर परिषदेकडे होते. माणसाचीही आणि जागेचीही. अठराच्या आतल्या मुलांना टॅटू काढणं तिथे १९६९ पासून गुन्हा आहे. दक्षिण कोरियाने दुसरं टोक गाठलं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये टॅटू हे वैद्यकीय काम ठरवलं, म्हणजे डॉक्टरनेच करायचं. हजारो कलाकार चोरून काम करत राहिले. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने त्यांच्यासाठी परवान्याचा कायदा केला.

बंगळुरूने यातून उचलण्यासारखं आहे ते न्यूयॉर्कचं १९९७ साल, १९६१ नव्हे. इंदिरानगर-कोरमंगलात असे स्टुडिओ आहेत, जिथे सुई-नळी एकदा वापरून फेकतात, ओळखपत्र पाहूनच काम घेतात. हा खर्च चौरस इंचाच्या भावात धरावाच लागतो. मग रस्त्याकडेचा स्वस्तात करून देणारा पुढे जातो. नियम नसले की नुकसान प्रामाणिक माणसाचं आधी होतं, हे टॅटूच्याच धंद्यात आहे असं थोडंच? माणसामागे एक परवाना, त्याआधी दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि हिपॅटायटिस बीची लस, कुणाच्या अंगात कुठल्या बाटलीतली शाई गेली याची वही, वापरलेल्या सुयांसाठी रुग्णालयांच्या कचऱ्याच्या गाडीशी करार. यात महापालिकेची तिजोरी रिकामी करणारं काय आहे?

स्वस्ताई किती महाग पडते, याचा इशारा २०२२ मध्ये वाराणसीहून मिळाला. तिथल्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची लागण झालेल्या काही तरुणांमध्ये नेहमीची कारणं सापडेनात. चौकशीत निघालं की, त्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी स्वस्तात टॅटू काढून घेतला होता. सुई महाग म्हणून एकच सुई अनेकांना वापरल्याचा संशय डॉक्टरांनी व्यक्त केला. मूळ शोधून सिद्ध करणं अशा वेळी जवळजवळ अशक्य असतं. टॅटूवाला पुढच्या जत्रेला गेलेला असतो.

रक्तपेढी आणि भरती

टॅटूचे काही परिणाम घरात फार उशिरा कळतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टॅटू काढल्यावर किंवा अंग टोचून घेतल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही. घरात ऑपरेशन ठरतं, रक्त हवं असतं आणि धडधाकट मुलाला रक्तपेढीतून परत पाठवतात, तेव्हा सगळे चकित होतात. कारण साधं आहे. लागण झालीच असेल, तर ती तपासणीत दिसायला काही आठवडे-महिने जातात.

दुसरा धक्का भरतीच्या मैदानावर. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, कोल्हापूर भागातली कितीतरी पोरं पहाटे पाचला उठून धावण्याचा सराव करतात. यातलाच एखादा नोकरीसाठी बंगळुरूला जातो आणि मित्रांच्या नादाने दंडावर किंवा मानेवर शिवरायांचं चित्र नाहीतर आईचं नाव काढून घेतो. भावना चांगली, पण लष्कराचा नियम स्पष्ट आहे. कायमचा टॅटू चालतो तो कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी जमातींना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे, इतरांना नाही. लेझरने टॅटू काढून टाकता येतो, पण त्याला अनेक फेऱ्या, बरेच महिने आणि टॅटूच्या कित्येक पट पैसे लागतात. डाग राहत नाही असंही नाही.

वयाचंही तसंच. आपल्याकडे टॅटूसाठी वयाची अट घालणारा देशपातळीवरचा वेगळा कायदा झालेला नाही. चांगले स्टुडिओ अठराची अट स्वतःच पाळतात. बाकीच्यांकडे दहावीतला मुलगा मिशी फुटल्याच्या जोरावर खुर्चीत बसू शकतो.

मुलगी ऐकणारच नसेल तर

नुसतं नाही म्हणून उपयोग होत नाही. अठरा ओलांडलेली मुलगी मैत्रिणीबरोबर जाऊन काढूनच येईल. त्यापेक्षा आईनेच म्हणावं, चल, मी येते. सुईचं पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावावं. पाकिटावरची निर्जंतुक असल्याची तारीख वाचावी. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात काढली जाते. उरलेली परत बाटलीत ओतताना दिसली तर तिथून सरळ उठावं. पातळ करायला निर्जंतुक पाण्याची सीलबंद कुपी हवी, नळाचं पाणी नव्हे. हातमोजे घातलेल्या हाताने त्याने मोबाइल उचलला तर मोजे बदलायला सांगावं, संकोच करू नये. वापरलेली सुई कुठल्या डब्यात जाते तेही पाहावं. बाटलीवरचं नाव आणि बॅच क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवावा. पुढे कधी पुरळ उठलं तर डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. लाल रंगाची अॅलर्जी जास्त आढळते, हेही ध्यानात असू द्यावं. जखमेचे वण फुगून वर येण्याची सवय घरात कुणाला असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारलेलं बरं.

हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, हेही पाहावं. बाळांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ च्या सुमारास आली. त्याआधी जन्मलेल्या कितीतरी मुलामुलींना ती मिळालेली नाही. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा असतात. सी प्रकाराला लस नाही.

आणि टॅटू काढून झाला असेल, जागा शंकास्पद होती हे आता जाणवत असेल, तर? रक्त लागलेली सुई वापरल्याची दाट शंका असेल आणि ७२ तास उलटले नसतील, तर लगेच सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात जावं. एचआयव्ही टाळण्याचं औषध एवढ्या मुदतीतच सुरू करता येतं आणि जितकं लवकर तितकं चांगलं. वेळ निघून गेली असेल, तर तीन महिन्यांनी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्हींची तपासणी करावी. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. घरात विचारायची लाज वाटत असेल, तर १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन आहे. तिलाही पैसे पडत नाहीत.